देवगिरीची लेक, सांता क्लाराची सून

त्या घरात आम्हाला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाचा तसा समज व्हायचा. आम्ही तिथे नको होतो, इतकंच. आणि ते नकोपण आम्हाला सकाळी डोळे उघडल्यापासून कळत राहील याची काळजी मात्र सगळे मिळून घेत. घर म्हणजे सांता क्लारात एल कमिनो रिआल नावाच्या लांबलचक रस्त्यावरचं दुमजली मोटेल. तीन बाजूंनी खोल्या, मध्ये पोहायचा छोटा तलाव, रस्त्याच्या बाजूला ऑफिस, आणि ऑफिसच्या मागे भिंतीला भिंत लावून चार खोल्यांचा संसार. हे मोटेल बापुजींनी, म्हणजे माझ्या सावत्र वडिलांच्या वडिलांनी, तरुणपणी स्वतः गाद्या वाहून आणि संडास घासून उभं केलं होतं. पुढे त्यांनी आणखी दोन घेतली, पण राहिले ते इथेच. ऑफिसातल्या रेक्झिनच्या खुर्चीत ते दिवसभर बसून असायचे आणि आत वळणाऱ्या प्रत्येक गाडीची नंबरप्लेट बघायचे. त्यांच्यापर्यंत काही पोचवायचं तर आधी कनुभाईंशी बोलावं लागे. कनुभाई हे बापुजींचे जावई. मुलगी वारली, जावई राहिले, आणि हळूहळू तिन्ही मोटेलांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला आल्या. थोरले रमणभाई, ज्यांना सगळे मोटाभाई म्हणत, बापुजींशी भांडून फ्रीमाँटला वेगळे राहत आणि रविवारी बायको-मुलींना घेऊन जेवायला येत. धाकटे हरीशभाई. त्यांच्याशी माझ्या आईने लग्न केलं होतं, आणि मी, अकरा वर्षांची शलाका, त्या लग्नाबरोबर आलेलं सामान होते.

आई औरंगाबादच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. माझे बाबा मी लहान असतानाच गेले. दरवर्षी ती विद्यार्थ्यांना दौलताबादच्या किल्ल्यावर न्यायची, म्हणजे जुन्या देवगिरीवर. तिथे अंधारी नावाचं वळणावळणाचं काळोखं भुयार आहे. एकदा त्यात गाइडची बॅटरी गेली आणि वेरूळ बघायला आलेल्या परदेशी पाहुण्यांचा एक घोळका आत अडकला. आईला ती वाट पाठ होती. ती पुढे झाली आणि म्हणाली, माझ्या आवाजामागून या. त्या घोळक्यात हरीशभाई होते. बायको गेलेली, मूलबाळ नाही, लहानपणीच अमेरिकेत आलेला, हळू आवाजात बोलणारा माणूस. पुढे ई-मेल झाले, फोन झाले, त्यांची आणखी एक फेरी झाली आणि रजिस्टर लग्न झालं. आईचे वडील म्हणाले, एका विधवेने एवढ्या लांब जाऊन परक्यांची धुणी धुवायची असतील तर खुशाल धुवावीत. ते पोचवायला आले नाहीत. धुण्याचं त्यांनी रागाच्या भरात म्हटलं होतं, पण ते शब्दशः खरं ठरलं.

बा, म्हणजे बापुजींच्या पत्नी, यांनी पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या एका फडताळाकडे बोट दाखवलं. त्यात दोन स्टीलची ताटं, दोन वाट्या, दोन पेले होते. "तमारां वासण," त्या म्हणाल्या. तुमची भांडी. आम्ही मांसमच्छी खाणारी माणसं, म्हणून आमची भांडी वेगळी. हरीशभाईंचं ताट मात्र घरच्या ताटांत, त्यामुळे जेवायला एकत्र बसलो तरी एका नजरेत कळायचं की कोण कुठलं. घरात कांदा-लसूण शिजत नसे. आमटीत साखर, भाजीत साखर, आणि सगळ्यावर एक गोडसर हिंगाचा वास, जो माझ्या शाळेच्या स्वेटरात जाऊन बसला होता. मी हरीशभाईंना काका म्हणायचे, त्यावरूनही बांचं तोंड वाकडं व्हायचं. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. त्या मला 'पेली छोकरी' म्हणत, ती पलीकडची मुलगी. मला गुजराती यायला लागल्यावरही ती येत नाही असं मी दाखवायचे, कारण तेवढं एक हत्यार माझ्याकडे होतं. चौदा नंबरच्या खोलीत महिनोन्‌महिने राहणाऱ्यांसाठी छोटी शेगडी होती. ती खोली रिकामी असली की आई तिथे गुपचूप अंड्याची आमटी करायची, काळा मसाला घालून, आणि आम्ही दोघी पलंगाच्या कडेवर बसून ती पावाबरोबर खायचो. एकदा बांना वास आला. त्या आत आल्या, कढई उचलली, बाहेर नेऊन कचऱ्याच्या पेटीत आमटीसकट टाकली आणि झाकण हळूच लावलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं असं आई नंतर म्हणाली.

आम्ही येऊन दोन-तीन महिने झाले असतील, तेव्हा न्यूयॉर्कचे ते टॉवर पडले. त्या आठवड्यात मोटेल रिकामं झालं आणि समोरच्या मोटेलवाल्याने मोठा फलक लावला, 'अमेरिकन ओन्ड'. बापुजी त्याच्या आधीपासून त्या रस्त्यावर होते. कनुभाईंनी अमेरिकन झेंड्यांचा अख्खा खोका आणला आणि प्रत्येक खोलीच्या दारावर एक लावला. एका दुपारी पिकअपमधून कोणीतरी बिअरची बाटली ऑफिसच्या काचेवर फेकली. बा वाकून काचा वेचायला लागल्या. आई धावत केरसुणी घेऊन गेली. बांनी वर न बघता सांगितलं, "तुं रेवा दे." तू राहू दे. बाहेरचे आम्हा सगळ्यांना एकाच नावाने शिव्या देत होते आणि आत बांना तेवढ्यातही आईच्या हातचा केर नको होता. शाळेत मला कोणी काय म्हटलं ते लिहीत नाही; ते शब्द आता ऐकले तरी माझी मान आपोआप ताठ होते.

आपली माणसं तरी जवळ करतील असं आईला वाटलं होतं. गणपतीत आम्ही फ्रीमाँटला एका टाउनहाउसमध्ये गेलो. पुण्या-मुंबईचे, नागपूरचे इंजिनिअर, त्यांच्या बायका, हॉलभर पोरं. त्या वर्षी अर्ध्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या किंवा जायच्या होत्या, पण बोलण्यात त्याचा पत्ता नव्हता. निशाकाकू म्हणून एक होत्या, त्यांनी आईला मोदक वाढता वाढता विचारलं, "मिस्टर कुठल्या कंपनीत?"

"मोटेल आहे त्यांचं," आई म्हणाली.

"अच्छा, म्हणजे गुजराती." मग माझ्याकडे बघून, "आणि ही आधीची?"

आईने हो म्हटलं. निशाकाकूंनी पुढच्या बाईला मोदक वाढला. परत येताना गाडीत आई हरीशकाकांना म्हणाली, छान झाला कार्यक्रम. त्यानंतर आम्ही गेलो नाही.

आई राज्य करायची ते लाँड्रीच्या खोलीत. तिथे दोन प्रचंड ड्रायर होते, ब्लीचचा वास, आणि कायम गरम हवा. चादरी मोठ्या असल्यामुळे घडी घालायला दोघी लागायच्या. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. दोघी जवळ यायचो, टोकं जुळवायचो, लांब जायचो. ड्रायरच्या घरघरीत कुणाला आतलं ऐकू जायचं नाही. तिथेच तिने मला देवगिरीच्या मुलीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. औरंगाबादला तिने हाच विषय पीएच.डी.ला घेतला होता आणि तो अर्ध्यावर टाकून ती इथे आली होती.

"राजाची मुलगी होती," ती म्हणाली. "नाव नक्की नाही. लिहिणारे दरबारातले, फारसीत लिहिणारे. एकाने एक ऐकलं, दुसऱ्याने दुसरं. दिल्लीची फौज आली, राजा हरला. त्याने सोनं दिलं, मोती दिले, हत्ती दिले, आणि एक जण लिहितो की मुलगीही दिली."

"तिला विचारलं होतं?"

"विचारल्याचं कुणी लिहिलेलं नाही."

"मग तिने उडी मारली का किल्ल्यावरून?"

"सिनेमात मारली असती." आईने चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. "ही जगली. दिल्लीला गेली. वेगळी भाषा, वेगळं अन्न, सवती, सासरचे. बोलायला सोबत नेलेली एखादी दासी असेल. तिला मुलगा झाला."

मला ती गोष्ट आवडत नसे. मला उडी मारणारी राजकन्या हवी होती, किंवा निदान तलवार काढणारी. ही नुसतीच जगते, ह्यात काय आहे, असं मी म्हटल्यावर आई हसली नाही. ती म्हणाली, हेच मला लिहायचं होतं, की ती रोज सकाळी उठून काय करत असेल.

आम्ही आल्यानंतर वर्षभरात मिहिर झाला. दोन्ही भाषांत चालेल म्हणून आईने ते नाव सुचवलं आणि बांनी ते ठेवलं, म्हणजे ते बांचंच झालं. मोटाभाईंना दोन मुली. बापुजींच्या घरातला हा पहिला नातू. बांनी अख्ख्या मोटेलमध्ये पेढे वाटले, खोल्यांत राहणाऱ्या ट्रकवाल्यांनासुद्धा. त्या मिहिरला घेऊन बसायच्या, त्याला तूप चाटवायच्या, आणि दूध पाजायची वेळ झाली की आईच्या ओटीत ठेवून, झालं की लगेच उचलायच्या. आमची भांडी फडताळात तशीच राहिली. मिहिरचा चांदीचा पेला घरच्या भांड्यांत गेला. मी त्याचा मनापासून राग करायचे. तो रांगत माझ्याकडे यायचा आणि मी पाय वर घ्यायचे. पण तो माझ्याच मागे लागायचा, आणि तीनेक वर्षांचा झाल्यावर तो घरातला एकटाच माणूस होता जो मला शलूताई म्हणायचा, तेही मराठीत, बांसमोर, न घाबरता.

तो पाच वर्षांचा असताना बापुजींना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्यांचा पलंग पुढच्या खोलीत आणला, म्हणजे खिडकीतून गाड्या दिसाव्यात. कनुभाई दिवसातून दहादा त्यांच्याजवळ जाऊन बसायचे आणि बाहेर येऊन सांगायचे की बापुजी असं म्हणाले, बापुजी तसं म्हणाले. बापुजी कसे म्हणाले हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. अशाच एका दिवशी कनुभाईंनी हरीशकाकांना आणि आईला ऑफिसात बोलावलं. मी दारात उभी होते. त्यांनी सांगितलं की बापुजींची इच्छा आहे, तिन्ही मोटेलं मिहिरच्या नावावर करायची. तो मोठा होईपर्यंत कारभार कनुभाई बघतील. मोटाभाईंनी बापुजींना दुखावलं आहे, त्यांना काही नाही. हरीशचा स्वभाव धंद्याचा नाही, हे हरीशला स्वतःला ठाऊक आहे. हरीशकाकांनी मान हलवली. वकील म्हणतो, आईबाप दोघांच्या सह्या असलेल्या बऱ्या, म्हणजे उद्या मोटाभाई कोर्टात गेले तर कोणी बोट ठेवायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची ताटं घरच्या ताटांत लागली. बांनीच लावली. आईला त्या 'वहु', म्हणजे सून, म्हणायला लागल्या. श्रीखंडाची वाटी स्वतःच्या हाताने तिच्यापुढे ठेवली. मला वरच्या मजल्यावरची, खिडकीतून रस्ता दिसणारी स्वतंत्र खोली मिळाली. मी सोळा वर्षांची होते, मला ती खोली हवी होती. मला त्या घरात कोणीतरी व्हायचं होतं, ज्यांनी इतकी वर्षं मला पेली छोकरी म्हटलं त्यांच्यासमोर. म्हणून आई चादरींच्या खोलीत गप्प गप्प राहायला लागली तेव्हा मला तिचा राग आला.

"सही कधी आहे?" मी विचारलं.

ती चादर झटकत राहिली. मग म्हणाली, "तुला गोष्टीचा शेवट सांगितला नाही मी."

"कुठल्या?"

"सुलतान आजारी पडला. सगळा कारभार एका सरदाराच्या हातात गेला. त्याला स्वतःला गादीवर बसता येण्यासारखं नव्हतं. मग त्याने थोरल्या मुलाला कैदेत टाकलं आणि सुलतान गेल्यावर हिच्या पोराला गादीवर बसवलं. पाच-सहा वर्षांचं पोर. मी सांभाळतो म्हणाला."

"मग?"

"मग सरदाराला त्याच्याच पहारेकऱ्यांनी मारलं. पोराचा सावत्र भाऊ आला. तोही आधी म्हणाला, मी सांभाळतो. थोड्या दिवसांनी स्वतः बसला, आणि पोराचे डोळे काढले."

"का पण? त्याने काय केलं होतं?"

"तो गादीवर बसला होता," आई म्हणाली. "त्याला बसवलं होतं."

"आणि ती?"

"तिचं पुढे काय झालं ते कुणी लिहिलं नाही."

मी हातातलं टोक सोडून दिलं. म्हटलं, "आई, धिस इज अ मोटेल." इथे कोणी कुणाचे डोळे काढत नाही. इथे वकील असतात, पोलीस असतात. तू सगळ्याचा इतिहास करतेस आणि मला एक खोली मिळाली आहे ती तुला बघवत नाही. आई म्हणाली, चादर जमिनीला लागतेय, उचल.

त्या रविवारी मोटाभाई आले ते जेवले नाहीत. त्यांना कुठूनतरी कळलं होतं. त्यांची बायको उर्मिलाभाभी आईच्या समोरून भिंत असल्यासारखी गेली. मोटाभाई जाता जाता आईपाशी थांबले. त्यांनी आवाज चढवला नाही. "छोकराने साचवजो," ते म्हणाले. मुलाला जपा. कुणीही म्हणेल असं साधं वाक्य. मी आज इतक्या वर्षांनी ते उलटसुलट करून पाहते आणि त्यात मला धमकी सापडते तशी काळजीही सापडते. पण आईने लगेच मिहिरला हाक मारली ते मला आठवतं.

मिहिर कुठे आहे म्हणून आम्ही बाहेर आलो. तलावाचं फाटक उघडं होतं. मोटाभाईंच्या दोन्ही मुली तिथे होत्या, एक बारा वर्षांची, एक नऊ. मध्ये मिहिर. त्याच्या डोळ्यांवर त्यांनी ओढणी बांधली होती आणि दोघी त्याला खांद्यांना धरून गरागरा फिरवत होत्या. तो खिदळत होता. मग त्यांनी त्याला सोडलं आणि टाळ्या वाजवत मागे सरकल्या, आणि तो हात पुढे करून, टाळ्यांच्या आवाजाकडे, पाण्याच्या कडेने चालायला लागला.

मुली खेळत होत्या, दुसरं काही नव्हतं. त्यांनी आधीही शंभरदा हा खेळ खेळला असेल, आणि पाणी त्या टोकाला कमरेइतकंही नव्हतं. आई ओरडली नाही, पळालीही नाही, कारण ओरडली असती तर तो दचकला असता. ती चालत गेली, त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि तो तिच्या अंगावर येऊन आपटला. "पकडलं," तो म्हणाला. तिने ओढणी सोडली. गाठ घट्ट होती, तिला वेळ लागला. तिने ती ओढणी घडी करून मोठ्या मुलीच्या हातात दिली आणि इंग्रजीत म्हणाली, पाण्याजवळ हा खेळ नको. मुलगी सॉरी आंटी म्हणाली. एवढंच झालं. पण आईचा चेहरा मी पाहिला, आणि मी जे काही मोटेलबद्दल, वकिलांबद्दल बोलले होते ते पुन्हा कधी बोलले नाही.

सह्या दुसऱ्या दिवशी सकाळी होत्या, पाहुण्यांचा नाश्ता आटोपल्यावर, त्याच खोलीत. वॉफलच्या मशीनचा करपट वास, कॉर्नफ्लेक्सचे काचेचे डबे, आणि टेबलावर कागद. वकीलबाई आल्या होत्या. मोटाभाई बोलावल्याशिवाय आले आणि दाराजवळ हाताची घडी घालून उभे राहिले. हरीशकाकांनी सही केली. कनुभाईंनी पेन आईपुढे ठेवलं. आईने कागद पूर्ण वाचला, सगळ्यांना खोळंबवून, आणि पेनाला हात लावला नाही.

"पेन चालत नाही का, भाभी?" कनुभाईंनी विचारलं.

"चालत असेल. मला सही करायची नाही."

"सुमन," हरीशकाका म्हणाले. दोघं एकमेकांशी हिंदीत बोलत. मी इथे मराठीत लिहिते. "आपलं बोलणं झालं होतं."

"तुम्ही बोलला होतात. मी ऐकलं होतं."

"एना करतां वधारे जोईए छे," दारातून मोटाभाई म्हणाले. हिला याहून जास्त हवं आहे.

आई त्यांच्याकडे वळली. "मोटाभाई, तुमच्या वडिलांचं आहे ते तुम्ही दोघं भाऊ घ्या, नाहीतर कनुभाईंना द्या, मला त्यात पडायचं नाही. माझ्या मुलाचं नाव तुमच्या भांडणात नको. तो पाच वर्षांचा आहे. त्याला अजून बुटांची नाडी बांधता येत नाही."

कनुभाई हसले. ते रागावले की हसायचे. "भाभी, लोक अशा गोष्टीसाठी देवाला नवस करतात. तुम्ही मुलाचं राज्य सोडताय. उद्या तो तुम्हाला विचारेल."

"विचारू दे," आई म्हणाली.

बा कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या उठल्या, टेबलापाशी आल्या आणि सगळ्यांदेखत आईला जे बोलल्या ते मी न समजल्याचं सोंग करू शकले नाही. छ वरस खवडाव्युं, त्या म्हणाल्या, सहा वर्षं खायला घातलं. घर भांगवा आवी हती, घर मोडायला आली होती. आधीचीला घेऊन आली आणि आता आमच्या मुलाला तोडते. आई ऐकून घेत होती. मी वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांना भाषा कळत नव्हती, पण त्यांनी आपले कागद गोळा करायला सुरुवात केली होती. हरीशकाका टेबलाकडे बघत बसले होते. मला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील, आईच्या बाजूने किंवा विरुद्ध. ते उठले आणि वॉफलचं मशीन पुसायला लागले.

त्याच दुपारी आई बापुजींच्या खोलीत गेली. तिने मिहिरला बरोबर घेतलं होतं आणि मी त्याचा हात धरून दारात उभी राहिले. सहा वर्षांत बापुजी तिच्याशी थेट कधी बोलले नव्हते, आणि आता त्यांना बोलता येत नव्हतं. आई स्टुलावर बसली. मोडक्यातोडक्या गुजरातीत तिने त्यांना सांगितलं की तिने सही केली नाही, आणि का केली नाही. देवगिरीची सगळी गोष्ट सांगितली, फौजेपासून पोराच्या डोळ्यांपर्यंत. बापुजी ऐकत होते. त्यांचा डावा डोळा तिच्यावर होता, स्वच्छ, ओला. ती म्हणाली, "बापुजी, तुम्ही हे मनापासून द्यायला निघाला होतात की नाही तेही मला ठाऊक नाही. दिलं असेल तर मला माफ करा." मला वाटलं ते हात उचलतील. त्यांनी मान हळूहळू फिरवली, फार कष्टाने, आणि भिंतीकडे तोंड केलं.  आईने त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली आणि आम्ही बाहेर आलो.

मी आता चाळिशीकडे झुकले आहे आणि या प्रसंगाचा मला हवा तसा निवाडा कधी करता आला नाही. बापुजी त्या हिवाळ्यात गेले. कनुभाई आणि मोटाभाई कोर्टात गेले. पुढे बाजार पडला तेव्हा एक मोटेल बँकेने घेतलं, दुसरं विकावं लागलं, पण एल कमिनोवरचं राहिलं, आणि आज त्या जागेला जो भाव आहे तो ऐकून माझा नवरा अजून हळहळतो. म्हणजे आईचं बरोबर होतं असं सांगायची सोय नाही. बा शेवटपर्यंत तिच्याशी बोलल्या नाहीत. आई आम्हा दोघांना घेऊन त्या घरातून निघाली आणि फ्रीमाँटला वेगळी राहिली. तिथे तिने आधी एका डे-केअरमध्ये आणि मग लायब्ररीत काम केलं, आणि पीएच.डी. कधीच पुरी केली नाही. हरीशकाका सुरुवातीला रविवारी यायचे, पाहुण्यासारखे, हातात केळी घेऊन. पुढच्या उन्हाळ्यात दोन बॅगा घेऊन आले आणि राहिले. त्या सकाळबद्दल ते दोघं माझ्यासमोर कधी बोलले नाहीत. मिहिर आता नर्स आहे, रात्रपाळ्या करतो, आणि आईला चिडवायला मधूनच म्हणतो की मी राजा असतो. आई म्हणते, असतास.  एकदा मात्र मी एकटी असताना म्हणाली, "तिला निघता आलं नसतं शलू. मला येत होतं."

निघण्याचा दिवस मला त्या सगळ्यापेक्षा स्पष्ट आठवतो. हरीशकाकांनी स्वतःची जुनी निळी गाडी आम्हाला दिली, टाकी भरून, आणि आमच्या बॅगा डिकीत ठेवून ते आत निघून गेले. आईकडे लायसन्स होतं, पण ती शाळा आणि भाजीबाजार याच्यापलीकडे कधी गेली नव्हती. फ्रीवेवर तिने गाडी कधी घातलीच नव्हती. माझ्या मांडीवर रस्त्याचे छापलेले कागद होते आणि मी ते मोठ्याने वाचत होते. भर दुपार होती. आम्ही आठशेऐंशी नंबरच्या फ्रीवेवर चढलो तेव्हा मागून एक ट्रक इतक्या जवळ आला की आरशात नुसती त्याची जाळी दिसत होती. त्याने भोंगा दाबून धरला. डावीकडून एक गाडी घुसली, तिच्यातल्या माणसाने काच खाली करून आईला काहीतरी म्हटलं आणि मधलं बोट दाखवलं. आईने स्टिअरिंग दोन्ही हातांनी इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्या होत्या. मी म्हटलं, आई, तुला डावीकडे जायला हवं, ही लेन पुढे संपते. ती म्हणाली, दिसतंय मला. तिने इंडिकेटर लावला. कोणी जागा देईना.

मिहिर मागच्या सीटवर पट्ट्यात बसून सगळं बघत होता. त्याने पुढे वाकून विचारलं, "आई, व्हेन आर वी गोइंग होम?"

आईने आरशात बघितलं, मग खांद्यावरून मागे वळून बघितलं.

"थांब रे राजा," ती म्हणाली, "लेन बदलू दे."